खरेदीआधी फोडलेली भिंत

आमच्या भागात दोन अनोळखी माणसं एकत्र बसली की पाणी प्यायच्या आत एकमेकांचं गाव विचारतात. मग आजोळ विचारतात. मग बहीण कुठं दिली ते. चहा येईपर्यंत ती एकमेकांची कुणीतरी लागायला लागतात. मला ही रीत वाईट वाटत नाही. सोयरीक जमवायला, बैल घ्यायला, दवाखान्यात ओळख काढायला ती कामाला येते. पण घर विकत घेताना याच रीतीनं माणूस खड्ड्यात जातो. मी गेले नाही. कशी गेले नाही ते लिहिते.

आमच्या भागातला मोठा भूकंप होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. माझे मालक फौजेत होते, वर्षातून एकदा रजेवर यायचे. मी पलूसकडच्या एका गावात सासरच्या घरी सासू, दोन जावा आणि त्यांची पोरं यांच्यात राहत होते. घरात भांडण नव्हतं, जागा नव्हती. माझी पोरं मोठी होत होती आणि त्यांना मला कराडच्या शाळेत घालायचं होतं. मालकांनी नोकरीत साठवलेलं सगळं एका घरात घालायचं आणि ते घर कराडात घ्यायचं, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. ते चुकलं तर दुसरं घर या जन्मात होणार नव्हतं. हिशेब इतका सरळ होता.

माझी थोरली नणंद कराडजवळ दिलेली. तिचा दीर बांधकामाचा कंत्राटदार. त्यानं शहराच्या कडेला एका ओळीत चार घरं विकायला म्हणून बांधायला काढली होती. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं ओटा, मागं परसू. आम्ही त्याला पाव्हणं म्हणायचो, म्हणून इथंही तेच म्हणते. पाव्हण्यांनी पहिलं घर आम्हाला द्यायचं कबूल केलं. मालकांनी एका रजेत इसार दिला. पुढच्या रजेपर्यंत घर पुरं करायचं आणि मग खरेदी, असं ठरलं.

मालक रजेवर आले तेव्हा घर खरंच पुरं झालं होतं. आतून चुना, दारांना हिरवा रंग, फरशी धुऊन पुसून ठेवलेली. पाव्हण्यांनी पुढचंही ठरवून टाकलं होतं. गुरुवारी वास्तुशांत आणि जेवण, शुक्रवारी कचेरीत जाऊन खरेदीखत.

"आधी वास्तू, मग कागद," ते म्हणाले. "मुहूर्त काय कागदासाठी थांबत न्हाई, वैनी."

मालकांनी मान डोलावली. सासूबाईंनी तर हात जोडले. मला ते उलटं वाटलं. आमच्याकडं बायकांचं ठाम मत असतं की नव्या घरात ज्याचं दूध उतू गेलं, घर त्याचं झालं. नंतर ते सोडलं तर त्या कुटुंबाचं काही खरं नाही. दूध उतलेलं घर परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ही गोष्ट पाव्हण्यांना माझ्याइतकीच ठाऊक होती. गुरुवारी दूध उतू गेल्यावर शुक्रवारी मी घरात खोट काढली असती, तर माझ्या घरच्यांनीच मला गप्प केलं असतं.

आणि भिंतींची मला धास्ती होती. माझं माहेर पाटणच्या बाजूला. भूकंपात आमच्या घराच्या तीन भिंती उभ्या राहिल्या आणि चौथी आईच्या अंगावर आली. आई वाचली, पण पुन्हा ताठ उभी राहिली नाही. त्यानंतर सरकारी माणसं गावोगाव सांगत फिरली, की घर बांधताना दारं-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवरून फिरणारा, आत सळई असलेला काँक्रीटचा पट्टा घाला. भिंती एकमेकींना धरून राहतात. इसार देतानाच मी पाव्हण्यांना पट्ट्याचं विचारलं होतं. "घालणार म्हंजे घालणार," ते म्हणाले होते. आता भिंतींना गिलावा झाला होता. आत पट्टा आहे की नाही, ते बाहेरून दिसायची सोय नव्हती.

मी मालकांना म्हणाले, "आवं, दूध उतायच्या आधी घर कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. आपल्यातला नको, त्यांच्यातला नको. तिऱ्हाईत बघा."

"पाव्हण्यावर इस्वास न्हाई व्हय तुझा?"

"हाय की. तपासून झाल्यावर आणखी वाढंल."

मालक हसले आणि तिऱ्हाईत शोधायला लागले.

पहिल्यांदा त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताच्या ओळखीनं साताऱ्याचा एक मिस्त्री आला. जाणता माणूस, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा पिशवीत घेऊनच आला. पाव्हणे ओट्यावर बसलेले होते.

"या, बसा. गाव कुठलं म्हणायचं?"

मिस्त्रीनं गाव सांगितलं.

"मंग तुमच्यात ते तालमीशेजारचं घर..."

"ते माझ्या मामाचंच की."

"आवं, मंग आमची भाची तिथंच दिलीया! थोरल्या पोराला!"

मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तेव्हाच मला कळलं, संपलं. पाव्हण्याच्या घरी जेवायला बसलं की आमटी खारट असली तरी झकास म्हणावं लागतं, तसं त्यानं आमचं घर बघितलं. ओळंबा पिशवीतून बाहेरही आला नाही. जाताना मला म्हणाला, "ताई, डोळं झाकून घ्या." मी म्हणाले, "तुमी झाकलंत तेवढं बास झालं."

मग मालक इंजिनेरीच्या कॉलेजातल्या एका सरांना घेऊन आले. सर नागपूरकडचे. मला वाटलं, यांचं इथं कोण निघणार? निघालं. सर भाड्यानं राहत होते ती खोली पाव्हण्यांच्या चुलतभावाची. सर सज्जन होते. फाटकातून आत आले, दोन्ही खोल्यांतून फिरले आणि म्हणाले, "हवा फार छान येते हो." मी भिंतींचं विचारलं होतं. त्यांनी हवेचं सांगितलं. त्यांनाही त्या खोलीत राहायचं होतं, मी त्यांना बोल लावत नाही.

मालक म्हणाले, "बास आता. सगळी चांगलंच म्हणत्यात."

"सगळी पाव्हण्याचीच हायत," मी म्हणाले. "आता मी बघते."

एसटी स्टँडच्या मागं एका खोलीवर पाटी होती, घराचे नकाशे काढून मिळतील. तिथला माणूस आमच्या पलूसच्याच भागातला. बौद्ध समाजाचा. सांगलीला ओव्हरसियरचा कोर्स करून त्यानं स्वतःची खोली मांडली होती. आमच्या गावात त्याच्याबद्दल बोलताना लोक नाक मुरडत आणि नगरपालिकेत नकाशा अडला की त्याच्याचकडं जात. मी तीन दिवस पाव्हण्यांचे पाव्हणे बघत होते. त्यात मला एकाएकी उमगलं, की या भागात असा एकच माणूस आहे ज्याला पाव्हणे गाव विचारतील, पण आजोळ विचारणार नाहीत. माझ्या मनात फार थोर काही नव्हतं. मला भिंत तपासायची होती.

मी मालकांना घेऊन तिथं गेले. इस्त्रीची पँट, मनगटावर घड्याळ, टेबलावर पसरलेले कागद. वय तिशीच्या आत. आम्ही काय हवं ते सांगितलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, एक विचारतो. कराडात माझ्यापेक्षा जुनी माणसं आहेत या कामातली. माझ्याकडं का आलात?"

मालक काहीतरी गोड बोलणार होते. त्यांच्या आधी मी म्हणाले, "तुमी त्यांचं कुणी लागत न्हाई म्हणून."

"आणि लागूही शकत नाही म्हणून."

"व्हय. तेबी."

मालकांनी खाली बघितलं. तो माणूस मात्र मोठ्यानं हसला. म्हणाला, "बरं झालं बोललात. बाकीचे म्हणतात तुमचं अक्षर चांगलं आहे." मग त्यानं अटी सांगितल्या. फी आधी. जे दिसेल ते सगळ्यांसमोर बोलणार, नंतर बाजूला घेऊन जरा सांभाळून घ्या म्हणायचं नाही. आणि गिलावा फोडावा लागेल. घर अजून तुमचं नाही, तेव्हा फोडायला मालकाची, म्हणजे पाव्हण्यांची परवानगी तुम्ही काढायची.

"ती काढते," मी म्हणाले.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई उठूनच बसल्या. "वास्तू व्हायच्या आधी त्याला घरात घालणार तू?"

"मग कवा घालू? वास्तू झाल्यावर तपासून काय करायचं?"

"आगं, पण लोक काय म्हणतील!"

"लोकांच्या अंगावर न्हाई पडायची ती भिंत."

बुधवारी सकाळी तो सायकलवर आला. ओट्यावर पाव्हणे होते, सासूबाई होत्या, नणंद दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची तयारी करायला आलेली होती. पाव्हण्यांनी त्याला ओळखलं. बस म्हणाले नाहीत.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "पाव्हणं, घर पक्कं हाय न्हवं?"

"लोखंड हाय लोखंड."

"मग जरा कुठंकुठं फोडून बघायला हरकत न्हाई."

नाही कसं म्हणणार? सगळी बघत होती. पाव्हणे उठले आणि हात पसरून म्हणाले, "फोडा! कुठंबी फोडा! माझ्या कामाला भ्या न्हाई."

त्या माणसानं घाई केली नाही. ओळंबा सोडून कोपरे बघितले. न्हाणीत बादलीभर पाणी ओतून ते कुणीकडं जातं ते बघितलं. दारं उघडून लावून बघितली. एका जागी गिलावा खरवडून बोटांनी चुरला. मग म्हणाला, "विटा चांगल्या भाजलेल्या आहेत. सिमेंटात वाळू जास्त नाही. लाकूड कोरडं आहे. बांधणाऱ्यानं मनापासून बांधलंय." हे ऐकून पाव्हण्यांनी नणंदेला चहा ठेवायला सांगितला. मलाही बरं वाटलं. मला ते घर हवंच होतं.

मग त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. पुढच्या भिंतीवर दाराच्या वर, हात दीड हात बाजूला गिलावा फोडला. आत काँक्रीट. बाजूच्या दोन्ही भिंती फोडल्या. काँक्रीट. मागं निघाला तसे पाव्हणे म्हणाले, "तिकडं नको. गिलावा वला हाय अजून."

"ओला असेल तर लवकर निघेल," तो म्हणाला.

मागच्या दाराच्या बरोब्बर वर त्यानं छिन्नी लावली. आत काँक्रीट.

"बघा!" पाव्हणे टाळी वाजवून म्हणाले. "बघा, वैनी! आता झालं समाधान?"

तो माणूस दोन पावलं बाजूला सरकला, कोपऱ्याकडं, आणि तिथं फोडलं. लाल वीट. आणखी पुढं फोडलं. वीट. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन फोडलं. तिथंही वीट.

"दाराच्या वर सगळेच घालतात," तो म्हणाला. "ते दारापुरतं. पट्टा मागच्या भिंतीला नाहीच."

"मागची भिंत हाय ती!" पाव्हणे ओरडले. "तीन बाजूनं हाय की पट्टा! मागं कोण बघतंय?"

"करदोडा तीन बाजूंनी बांधून कमरेला राहतो का?"

नणंदेला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. पाव्हण्यांचा मात्र रंग बदलला. "तू मला शिकवणार व्हय रं? कुणी शिकवलं रं तुला?"

"सांगलीला शिकलो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आणि अहो-जाहो करा. फी घेऊन आलोय मी."

पाव्हणे माझ्याकडं वळले आणि सगळं सांगायला लागले. लोखंड मिळत नव्हतं, परमिटाला महिने लागत होते, चार घरांना जेवढं मिळालं तेवढं पुढं आणि बाजूला पुरवलं. खोटं नसेल ते. त्या वर्षांत लोखंड आणि सिमेंट दोन्हीची मारामार होती. पण मला तसं आधी सांगता आलं असतं. सांगितलं नाही, गिलावा केला.

मालक फौजी माणूस, त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "सायब, भूकंप न्हाई झाला तर?"

"तर घर तुमच्या नातवंडांना पुरेल."

"आणि झाला तर?"

"तर मागच्या खोलीत कोणी नसलेलं बरं."

मागच्या खोलीत स्वयंपाक होणार होता. म्हणजे तिथं मी असणार होते, आणि माझ्याजवळ पोरं.

त्या माणसानं सामान पिशवीत भरलं. जाताना मला एवढंच म्हणाला, "दुरुस्त होतं हे. मागची कौलं उतरायची, भिंत वरून पट्ट्याच्या उंचीपर्यंत काढायची, सळई बाजूच्या पट्ट्याला जोडून ओतायचं. महिनाभर लागेल."

महिनाभर म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. उद्या वास्तू होती. गावाकडं निरोप गेले होते. मालकांची रजा संपत आली होती.

पाव्हणे म्हणाले, "वैनी, शबूद देतो. उद्या वास्तू होऊ द्या, परवा खरेदी करू, मग मी आपला निवांत पट्टा घालून देतो."

"पट्टा घाला, मग वास्तू, मग खरेदी."

"असं असंल तर घर दुसऱ्याला देतो. माणसं रांगेत हायत."

"द्या," मी म्हणाले.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. घर गेलं असतं, आणि आम्हीच मागं सरलो म्हणून इसारही बुडाला असता. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण बिनपट्ट्याच्या भिंतीखाली जन्म काढण्यापेक्षा मी पलूसच्या घरी जावांच्या गर्दीत राहिले असते.

नणंद मला परसात घेऊन गेली. ती रडत होती. "वैनी, तुमी बोलून मोकळ्या व्हाल. मला त्या घरात ऱ्हायाचं हाय. त्यांचं तोंड मला रोज बघायचं हाय."

"वन्सं, तुमाला तोंड बघायचं हाय, मला ही भिंत बघायची हाय," मी म्हणाले. "तुमी आतनं काय बोलू नका. सगळं माझ्या नावावर घाला. माझी वैनी वंगाळ हाय म्हणून सांगा."

ती म्हणाली, "ते तर मी आधीपासनंच सांगतीया." आणि रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवसाचं काय करायचं ते मी रात्र पडायच्या आत ठरवलं. भटजींना निरोप धाडला, पूजा पुढं ढकलली. गावाकडची माणसं मात्र सकाळी निघणारच होती, त्यांना अडवायची सोय नव्हती. त्यांना उपाशी परत धाडणं शक्य नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "घरात पूजा न्हाई आणि जेवण घालायचं? कुठं घालायचं?"

"घरात न्हाईच घालायचं. परसात घालायचं. पूजा लांबली म्हणून आलेल्यांची भूक लांबत न्हाई."

घराचं तोंड रस्त्याला, म्हणजे मावळतीला होतं. त्यामुळं दुपार कलली की सावली मागं पडायची. त्या सावलीत दोन पंगती मांडल्या, दोन्हींची तोंडं घराकडं. भात, आमटी, वांग्याची भाजी, शिरा. पुढ्यात फोडलेली भिंत, दाराच्या वर करडी आणि दोन्ही कोपऱ्यांत लाल. मी मुद्दाम केलं का, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. सावली मागंच होती. आणि मुद्दामही केलं.

पाव्हण्यांना तिथं येणं टाळता येत नव्हतं. जेवण त्यांच्या जागेत, आलेली माणसं त्यांच्याही ओळखीची. ते स्वतः शिऱ्याची बादली घेऊन आग्रह करत फिरत होते. माझे एक चुलत सासरे, जुने पेन्शनर फौजी, भात कालवता कालवता भिंतीकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, ही भित बंदुकीनं उडवलीय का काय?"

"न्हाई, जरा तपासणी केली," पाव्हणे म्हणाले. "घ्या, शिरा घ्या."

"शिरा घेतो. पण मधी काँक्रीट आणि कडंला वीट, असं का हो?"

पाव्हणे पुढच्या पानाकडं सरकले. पण पुढच्या पानावर बसलेली माणसं त्यांना जड गेली. त्यांनी स्वतःच दोन जणांना बोलावलं होतं, एक साखर कारखान्यातला कारकून आणि एक किराणा दुकानदार. दोघांनी पलीकडच्या घरांचा इसार दिलेला. पहिल्या घरात माणसं राहायला आली, हे त्यांना दिसावं म्हणून बोलावणं होतं. त्यांना दिसलं ते वेगळंच.

दुकानदारानं हात पानातच थांबवला. "आमच्याबी भितीला असंच हाय का?"

"जेवा आधी," पाव्हणे म्हणाले.

"जेवतो. पण सांगा की."

कारकून मऊ बोलणारा होता. तो म्हणाला, "उद्या त्या नकाशेवाल्यांना आमच्याकडं पण आणू. फी आम्ही देऊ." आणि त्यानं शिरा पुन्हा मागून घेतला. पाव्हण्यांनी वाढला. न वाढून काय करतात?

पंगती उठल्या तरी माणसं भिंतीपाशीच. कोण कोपऱ्यात बोट घालून बघतंय, कोण आपल्या गावातल्या पडलेल्या घराचं सांगतंय. चुलत सासऱ्यांनी तर करडा भाग कुठपर्यंत जातो ते वितीनं मोजून सगळ्यांना दाखवलं. मी उष्टी पानं गोळा करत होते. मला बोलायची गरजच उरली नव्हती.

सगळे गेल्यावर पाव्हणे ओट्याच्या पायरीवर येऊन बसले. मालक शेजारी बसले. मी दारात उभी राहिले.

"चारी घरांना घालावा लागणार," पाव्हणे जमिनीकडं बघत म्हणाले. "तुमच्यापासनं सुरू करतो."

"काँक्रीट ओतायच्या आधी तो माणूस येऊन सळई बघंल," मी म्हणाले.

"बघू दे."

"आणि त्यांना बसा म्हणा."

पुढच्या महिन्यात मी बांधकाम बघायला गेले तेव्हा ओट्यावर एक खुर्ची होती आणि तो माणूस तिच्यावर बसून सळईचे वेढे बघत होता. पाव्हणे त्याला अहो म्हणत होते. मनातून म्हणत होते का, ते मला ठाऊक नाही. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

मालकांची रजा तोवर संपली होती. मालक निघायच्या आधी पाव्हण्यांनी शेवटचा फासा टाकला होता. "दादा चालले. आता खरेदीवर सही कोण करणार? पुढच्या रजेपर्यंत माझं घर अडकून ऱ्हाणार."

"खरेदी माझ्या नावावर करा," मी म्हणाले. "मी चौथी शिकलेय. सही येती मला."

सासूबाईंना भिंत फोडण्यापेक्षाही ते वाईट वाटलं. बाईच्या नावावर घर! मालकांनी ट्रंकेला कुलूप लावलं. मग म्हणाले, "तिनंच तपासून घेतलंय. तिच्याच नावावर होऊ दे." ते फार बोलणारे नव्हते. एवढं बोलून गाडी पकडायला गेले.

पट्टा झाला, तो माणूस म्हणाला झाला, तेव्हा मी कचेरीत जाऊन सही केली. साधीच पूजा केली, दूध उतू घालवलं, आणि शाळा सुरू व्हायच्या आत पोरांना घेऊन राहायला आले. पाव्हणे पूजेला आले नाहीत. त्यांच्या घरून बरेच महिने कुणीच आलं नाही. बाजारात भेटले तर रस्ता ओलांडून पलीकडं जायचे. मला त्याचं वाईट वाटलं, पण झोप लागत होती.

पुढच्या वर्षी ऊस तोडीला आला असताना एके दुपारी नणंद एकटीच आली. हातात गुळाची ढेप. मी तिला पाणी दिलं. ती मागच्या खोलीत बसली, इकडचं तिकडचं बोलली, मध्येच वर भिंतीकडं बघत राहिली.

"काय झालं, वन्सं?"

"वैनी, आमचं घर बी त्येंनीच बांधलंय न्हवं का. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी." ती ढेपेवरचा कागद नीट करत बसली. "त्या माणसाला बघायला सांगाल का?"

"सांगते की. घरात विचारून आलीस?" घाईत माझ्या तोंडून तिला एकेरी गेलं, ते आम्हा दोघींच्या ध्यानात आलं आणि दोघींनी सोडून दिलं.

"विचारलं असतं तर इथं आले असते का?"

मी चपला घातल्या. स्टँडपर्यंत चालत जायचं होतं आणि त्याची खोली संध्याकाळी बंद व्हायची.

"फी आधी घेतो," मी तिला वाटेत सांगितलं.

"आणलीया," ती म्हणाली, आणि कनवटीला हात लावून माझ्या पुढं चालायला लागली.